अर्ध्या फटक्याची पैज

१८४९ साली स्कॉटलंडमध्ये चार माणसांचा एक सामना झाला. एका बाजूला सेंट अँड्र्यूजचे अ‍ॅलन रॉबर्टसन आणि टॉम मॉरिस, दुसऱ्या बाजूला मसलबरोचे विली आणि जेमी डन हे जुळे भाऊ. पैज चारशे पौंडांची. त्या काळी ही रक्कम या चौघांच्या आवाक्याबाहेरची होती. रॉबर्टसन गोल्फचे चेंडू बनवून पोट भरायचा, मॉरिस त्याच्याच हाताखाली तयार झालेला. पैसे लावले होते त्यांच्या मागे उभ्या असलेल्या श्रीमंतांनी. सामना तीन मैदानांवर, प्रत्येक ठिकाणी ३६ होल. मसलबरोला डन बंधूंनी समोरच्यांचा धुव्वा उडवला. सेंट अँड्र्यूजला रॉबर्टसन-मॉरिस यांनी कशीबशी परतफेड केली. निकाल उरला नॉर्थ बेरिकवर.

तिथे शेवटचे आठ होल बाकी असताना डन बंधू चार होल पुढे होते, आणि जमलेल्या गर्दीत भाव वीसास एक असा त्यांच्या बाजूने फुटला होता. मग एकेक होल निसटत गेला. ऐन मोक्याच्या होलवर डन बंधूंचा चेंडू ग्रीनच्या पलीकडे रस्त्याकडेच्या एका मोठ्या दगडाला जाऊन भिडला. चेंडू उलट दिशेला, रस्त्यावर काढून घेतला असता तर थोडक्यात सुटका होती. पण दोघे भाऊ पाळीपाळीने त्याला पुढेच मारू पाहत राहिले, दगडावर लोखंड आपटत राहिले आणि तो होल गमावून बसले. रॉबर्टसन आणि मॉरिस दोन होलनी जिंकले.

व्यावसायिक गोल्फ वाढले ते अशा समोरासमोरच्या पैजांवर. पहिली ओपन स्पर्धा १८६० मध्ये प्रेस्टविकला झाली, तेव्हा तिला खेळाडू आले होते अवघे आठ. लोकांचा खरा जीव अडकलेला असायचा तो दोघांच्या झुंजीत, कारण तिथे त्यांचे स्वतःचे पैसे लागलेले असत. १८७० मध्ये मसलबरोला टॉम मॉरिस आणि विली पार्क यांच्या सामन्यात पार्कच्या पाठीराख्यांनी मॉरिसच्या चेंडूला इतका उपद्रव दिला, की सहा होल शिल्लक असताना पंच रॉबर्ट चेंबर्स यांनी खेळ थांबवला. चेंबर्स आणि मॉरिस जवळच्या पबमध्ये जाऊन बसले. पार्कने उरलेले होल एकट्याने खेळून पैजेच्या रकमेवर हक्क सांगितला. पुढे बराच वाद झाला. माझ्या मते या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा धडा तेव्हाच मिळाला होता: दोघांमधली पैज लावण्याआधी ती नेमकी कशी निकालात काढायची, हे ठरलेले असले पाहिजे.

आज गोल्फमध्ये ‘हेड-टू-हेड’ किंवा ‘मॅचअप’ म्हणतात ती पैज मात्र बहुतेक वेळा निराळी असते. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू गुरुवारी सकाळी उतरतात. बुकी त्यांतले दोघे उचलतो, साधारण तुल्यबळ असे, आणि विचारतो: चार दिवसांनी या दोघांत पुढे कोण असेल? त्या दोघांना याची कल्पनाही नसते. एक सकाळी आठला टी-ऑफ करतो, दुसरा दुपारी दीडला. कदाचित चार दिवसांत दोघांची गाठही पडत नाही. एकजण दहाव्या होलवर पाणी ओलांडायचे की आधीच थांबायचे हे ठरवतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ट्रॉफी असते, बक्षिसाची रक्कम असते, पुढच्या वर्षी टूरवर खेळण्याचा हक्क, म्हणजे टूर कार्ड असते. आपण अमक्याच्या दोन फटके पुढे आहोत, तेव्हा जपून खेळावे, हा विचार त्याच्या मनात येण्याचे कारणच नाही. ही झुंज फक्त कागदावर लागलेली असते.

मग लोक ती का लावतात? कारण दुसरा रस्ता अवघड आहे. दीडशे जणांतून विजेता ओळखणे हे जाणकारांनाही क्वचितच साधते. २०१९ च्या मास्टर्सला विस्कॉन्सिनच्या एका माणसाने टायगर वुड्सवर चौदास एक भावाने ८५,००० डॉलर लावले आणि जवळपास १२ लाख डॉलर जिंकले, ही गोष्ट जगभर छापून आली. न लागलेल्या पैजांची गोष्ट कोणी छापत नाही. शिवाय विजेत्याच्या बाजारात बुकी स्वतःचा वाटा भरपूर काढून ठेवतो. सगळ्या खेळाडूंचे भाव टक्क्यांत मांडून बेरीज केली तर ती १०० यायला हवी. प्रत्यक्षात ती १३० च्या घरात, कधी त्याहूनही वर जाते. ते वरचे सगळे बुकीचे.

मॅचअपमध्ये हा वाटा पुष्कळ कमी असतो. दोन्ही बाजूंना सारखा भाव असेल तर अमेरिकी पद्धतीने तो ‘उणे ११०’ असा लिहितात, म्हणजे १०० जिंकायचे तर ११० लावायचे. दहा पैजा लावल्या, पाच लागल्या, पाच गेल्या, तर ५०० आले आणि ५५० गेले. निव्वळ बरोबरीत राहायचे तरी शंभरातल्या ५२.४ पैजा लागल्या पाहिजेत. टक्क्यांची बेरीज इथे १०५ च्या थोडी आतच राहते. विजेत्याच्या बाजाराशी तुलना केली तर हा सौदा कितीतरी रास्त आहे.

मॅचअपचा दुसरा गुण २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये लख्ख दिसला. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी त्या आठवड्यात जागतिक क्रमवारीत तीनशेच्या खाली होता. पावसाने विस्कटलेली ती स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली आणि लाहिरी एका फटक्याने कॅमेरॉन स्मिथच्या मागे, दुसरा आला. तो जिंकेल अशी पैज लावणाऱ्याच्या हाती त्या एका फटक्याने काही उरले नाही. मात्र स्मिथ सोडून मैदानातल्या कोणत्याही खेळाडूविरुद्ध लाहिरीवर पैसे लावणारा जिंकला. विजेतेपद हुकले तरी खेळाचे मोल पैजेत उमटते, ही मॅचअपची खरी जमेची बाजू.

आता नियम, कारण चेंबर्स आणि पार्क यांचा वाद आजही दर आठवड्याला कुठे ना कुठे होतो. पहिले दोन दिवस संपले की ‘कट’ लागतो. पीजीए टूरवर पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात, बाकीचे घरी. मास्टर्सला ही रेषा ५० वर असते, यूएस ओपनला ६० वर, ब्रिटनच्या ओपनला ७० वर. मॅचअपमधला एक कटमध्ये अडकला आणि दुसरा पार झाला, तर पार झालेला जिंकला, मग शनिवार-रविवारी तो कसाही खेळो. दोघेही अडकले तर ३६ होलची बेरीज पाहतात. बरोबरी झाली तर साधारणपणे पैसे परत. पण बरोबरीवर वेगळा भाव दिलेला असेल तर दोन्ही बाजूंचे पैसे जातात. तिघांच्या गटावरच्या पैजेत बरोबरी झाली तर रक्कम वाटून मिळते. खेळाडूने पहिला फटका मारण्याआधी माघार घेतली तर पैज रद्द. एकदा फटका मारला, की त्यानंतरची माघार म्हणजे हार.

या शेवटच्या कलमाची धार किती असते ते जून २०२१ मध्ये दिसले. ओहायोतल्या मेमोरियल स्पर्धेत जॉन राम शनिवारी तिसरी फेरी संपवून अठराव्या ग्रीनवरून बाहेर आला. सहा फटक्यांची आघाडी, आदल्या फेरीत एक होल-इन-वन, समोर फक्त रविवार. ग्रीनमागेच वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला गाठून कोविड चाचणी सकारात्मक आल्याचे सांगितले. कॅमेरे चालू होते, राम खाली वाकला, चेहरा झाकून घेतला. स्पर्धा पॅट्रिक कँटलेने जिंकली. चार दिवसांच्या मॅचअपमध्ये रामवर पैसे लावणारा त्या क्षणी नियमाने हरला, त्याचा प्रतिस्पर्धी वीस फटके मागे असता तरीही. दोनच आठवड्यांनी राम यूएस ओपन जिंकला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रिव्हिएरा क्लबवर जॉर्डन स्पीथने चौथ्या होलवर चार फटके मारले होते, कार्डावर तीन लागले आणि त्यावर त्याने सही केली. स्पर्धेतून बाद. म्हणजे ज्याच्यावर पैसे लावायचे तो कसा खेळतो एवढेच पाहून भागत नाही. त्याची पाठ दुखते का, गेल्या महिन्यात त्याने मध्येच खेळ सोडला होता का, हेही पाहावे लागते. मॅचअपमध्ये बदली खेळाडू नसतो.

या पैजेचा गाभा मात्र आकड्यांत आहे, आणि मला स्वतःला त्याचे फार आकर्षण वाटते. टूरवरचा कोणताही खेळाडू घ्या. त्याची एक फेरी त्याच्या स्वतःच्या सरासरीपासून किती इकडेतिकडे होते? संख्याशास्त्राच्या भाषेत ज्याला प्रमाण विचलन म्हणतात ते इथे साधारण पावणेतीन फटक्यांचे असते. ७० सरासरी असलेला माणूस एका दिवशी ६७ मारतो, दुसऱ्या दिवशी ७३, आणि दोन्ही दिवशी तो तोच खेळाडू असतो. आता दोघांची तुलना करा. एकजण दुसऱ्यापेक्षा फेरीमागे अर्ध्या फटक्याने सरस आहे असे समजा. अर्धा फटका म्हणजे टूरवर चांगलाच फरक. चार फेऱ्यांत तो दोन फटक्यांचा होतो. पण चार फेऱ्यांत दोघांच्या बेरजेतला चढउतार जवळजवळ आठ फटक्यांचा असतो. त्या आठमध्ये हे दोन बुडून जातात. हिशेब केला तर सरस खेळाडू शंभरातल्या साठ वेळा पुढे राहतो, चाळीस वेळा मागे पडतो. एकाच फेरीची पैज असेल तर साठाचे पंचावन्न होतात.

हाच हिशेब उलटा करून पाहा. बुकीने दोघांना सारखा भाव दिला आहे, आणि तुम्हाला वाटते की यातला एक बरा आहे. बुकीचा वाटा भरून निघून निव्वळ बरोबरीत राहण्यासाठी तो किती बरा असायला हवा? फेरीमागे जेमतेम एक अष्टमांश फटका. चार दिवसांत मिळून अर्धा. त्या चार दिवसांत तो साधारण २८० फटके मारणार आहे. २८० मधला अर्धा फटका तुम्हाला बुकीपेक्षा नीट दिसला पाहिजे, तेव्हा कुठे तोटा थांबतो. नफा त्यापुढे.

समजा एखाद्याला तो खरोखर दिसतो आणि त्याच्या शंभरातल्या ५५ पैजा लागण्याइतकी त्याची नजर पक्की आहे. अशी नजर फार थोड्यांकडे असते. तरीही पहिल्या शंभर पैजांनंतर तो तोट्यात असण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या आसपास राहते. उलट बाजूने, काहीही न कळणारा माणूस शंभर पैजांनंतर नफ्यात असणेही मुळीच दुर्मीळ नाही. आपल्याला खेळ कळतो की नशीब साथ देते आहे, हे त्या दोघांनाही इतक्या लवकर सांगता येत नाही. गोल्फच्या पैजेतले बहुतेक दुःख इथून उगवते, असे मला वाटते: पहिल्या दहा-वीस पैजा लागतात, आणि माणूस ते आपले ज्ञान मानून रक्कम वाढवतो.

अर्धा फटका पाहायचा तर कुठे पाहायचा, याचे उत्तर कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी दिले. पीजीए टूर प्रत्येक फटक्याचे अंतर आणि जागा टिपून ठेवते. त्या नोंदींवरून ब्रॉडींनी ‘स्ट्रोक्स गेन्ड’ नावाचे माप बसवले. टूरने २०११ मध्ये ते आधी पटिंगसाठी, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलकडे ढकलण्याच्या ‘पट’ या फटक्यासाठी स्वीकारले, नंतर बाकीच्या फटक्यांसाठी. कल्पना सरळ आहे. आठ फुटांवरून टूरवरचा खेळाडू निम्म्या वेळा चेंडू होलमध्ये घालतो, म्हणजे तिथून त्याला सरासरी दीड फटका लागतो. एकात घातला तर अर्धा फटका कमावला. दोन लागले तर अर्धा गमावला. याच पद्धतीने तीनशे यार्डांचा ड्राइव्ह आणि वाळूतून काढलेला चेंडूही तोलता येतो.

ब्रॉडींच्या आकडेमोडीतून निघालेली गोष्ट जुन्या समजुतीला धक्का देणारी होती. उत्तम आणि सामान्य व्यावसायिकांमधला फरक मुख्यतः पटिंगमध्ये नाही. त्यातला दोन तृतीयांश भाग लांबच्या फटक्यांतून येतो: टीवरून मारलेल्या आणि ग्रीनकडे मारलेल्या. पटिंगचा वाटा जेमतेम सातवा हिस्सा. पण एका आठवड्यापुरते पाहिले तर पटिंग हेच सगळ्यांत लहरी असते. एका फेरीत आठ फुटांचे सहा पट आले आणि त्यांतले पाच पडले, तर अपेक्षेपेक्षा दोन फटके कमावले. कौशल्य कालचेच, दोन चेंडू तेवढे कडेवर न थांबता आत पडले. गेल्या आठवड्यात चौथा आलेला खेळाडू पटिंगच्या जोरावर आला असेल, तर वर्तमानपत्रात त्याचा फॉर्म दिसतो आणि पुढच्या आठवड्याच्या भावातही उतरतो. प्रत्यक्षात ते दोन-दोन फटके परत येतीलच असे नाही. त्याच आठवड्यात चाळिसावा आलेला, पण ग्रीनवर सतत जवळ चेंडू ठेवून पट हुकवत राहिलेला दुसरा एखादा असतो. जाणकार त्याच्याकडे पाहतो. मॅचअपमध्ये जी काही थोडीफार संधी असते ती बहुधा अशी असते: सगळ्यांनी पाहिलेल्या निकालापेक्षा त्यामागचे फटके वेगळे बोलत असतात.

मैदानाचीही चर्चा फार होते. हार्बर टाउन अरुंद, तिथे सरळ मारणारा बरा. टोरी पाइन्सचे साउथ मैदान लांबलचक, तिथे ताकदवान बरा. हे खरे आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा त्याचा परिणाम लहान असतो, आणि बुकीलाही ते माहीत असते.

हवेचे मात्र तसे नाही. पहिल्या दोन दिवसांत खेळाडू दोन भागांत उतरतात: काहीजण गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी, काहीजण उलट. ब्रिटनच्या किनाऱ्यावर या वाटणीने स्पर्धेचा निकाल फिरतो. २०१० च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला रोरी मॅकिलरॉयने गुरुवारी ६३ मारले. शुक्रवारी तो वाऱ्यात सापडला. वारा इतका, की मध्येच खेळ थांबवावा लागला. त्या दिवशीचा त्याचा आकडा ८०. लुई ऊस्टहाउझेन शुक्रवारी सकाळी लवकर खेळून ६७ मारून मोकळा झाला होता. पुढे तो सात फटक्यांनी स्पर्धा जिंकला. मॅकिलरॉय तरीही तिसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीत आला, यावरून त्या ८० मध्ये त्याचा दोष किती आणि वाऱ्याचा किती, याचा अंदाज येतो. २००२ च्या ओपनमध्ये म्युअरफील्डला टायगर वुड्स त्या वर्षीची तिसरी मेजर जिंकायला निघाला होता. शनिवारी दुपारी वादळी पाऊस आला आणि त्याने ८१ मारले. सकाळी लवकर खेळून गेलेल्यांना ते वादळ लागलेच नव्हते. म्हणून चार दिवसांच्या मॅचअपमध्ये दोघांच्या टी-ऑफच्या वेळा कळेपर्यंत आणि हवामानाचा अंदाज येईपर्यंत थांबणारा माणूस मला सर्वांत शहाणा वाटतो.

खरोखर समोरासमोर खेळले जाणारे गोल्फ, म्हणजे मॅच प्ले, आज मोजकेच उरले आहे. पीजीए चॅम्पियनशिप १९१६ पासून १९५७ पर्यंत त्या पद्धतीने खेळली गेली. दूरचित्रवाणीच्या युगात नामांकित खेळाडू पहिल्याच दिवशी बाद होणे कोणालाच परवडेना. १९९९ ते २०२३ चाललेल्या जागतिक मॅच प्ले स्पर्धेने हाच अनुभव पुन्हा दिला. २००२ मध्ये पहिल्या फेरीतच वुड्स, मिकल्सन आणि डुव्हल हे पहिले तिघे मानांकित हरले. वुड्सला हरवणारा पीटर ओ’मॅली चौसष्टांत शेवटचा मानांकित होता. स्पर्धा जिंकली ती बासष्टावे मानांकन असलेल्या केव्हिन सदरलँडने. अठरा होलमध्ये कौशल्याला डोके वर काढायला पुरेशी जागाच नसते. कधी मात्र ती मिळते: २००६ मध्ये स्टीफन एम्सने वुड्सच्या ड्राइव्हिंगबद्दल काही बोलून ठेवले, आणि वुड्सने पहिले नऊच्या नऊ होल जिंकून दहाव्यावर सामना संपवला. २०१८ च्या नोव्हेंबरात लास वेगासच्या शॅडो क्रीकवर वुड्स आणि मिकल्सन ९० लाख डॉलरसाठी खेळले, तेव्हा अठरा होल पुरले नाहीत. दिव्यांच्या उजेडात, मुद्दाम आखलेल्या ९३ यार्डांच्या होलवर, बाविसाव्या होलला मिकल्सन जिंकला.

या पैजेची एक बाजू खेळाच्या रखवालदारांची झोप उडवणारी आहे. दीडशे जणांची स्पर्धा कोणी ठरवून जिंकू शकत नाही, पण मॅचअप एकटा खेळाडू बिघडवू शकतो. दुसऱ्या दिवशी मनगट धरून मैदान सोडले, की झाले. म्हणूनच पीजीए टूरने १ जानेवारी २०१८ पासून सचोटीचा कार्यक्रम लागू केला: खेळाडू, त्यांचे कॅडी, कर्मचारी, कोणीही व्यावसायिक गोल्फवर पैज लावायची नाही आणि आतली माहिती बाहेर द्यायची नाही. त्याच वर्षी १४ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरची केंद्रीय बंदी रद्द ठरवली आणि एकेक राज्य बाजार उघडू लागले. २०२३ मध्ये टूरच्या खालच्या पातळीवरच्या, कॉर्न फेरी टूरच्या दोन खेळाडूंना निलंबित करण्यात आले, एकाला सहा महिने, दुसऱ्याला तीन. ते ज्या स्पर्धांत स्वतः खेळत नव्हते त्यांवर त्यांनी पैजा लावल्या होत्या, तरीही.

आपल्याकडे हा बाजार कायद्याने बंद आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावता येतात, कारण शर्यतीला कायद्यात वेगळी जागा आहे. गोल्फला ती नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. मात्र आकडे कोणालाही पाहता येतात. टूरच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूचे स्ट्रोक्स गेन्ड दर आठवड्याला ताजे होतात, टी-ऑफच्या वेळा दोन दिवस आधी लागतात. एक पैसाही न लावता दोन नावे निवडून, गुरुवारी कागदावर अंदाज लिहून, रविवारी रात्री तो ताडून पाहता येतो. पन्नास आठवडे असे केले तर अर्धा फटका कुठे दडतो, हे हळूहळू डोळ्यांना कळू लागते.